डाव्या टाचेखालचे तीन थर

पार्सल आलं तेव्हा मी एका शिक्षिकेच्या सँडलची टाच बसवत होतो. तोंडात चार खिळे धरलेले, त्यामुळे पोस्टमनला धड "ठेव तिथे" असंही म्हणता आलं नाही. त्याने खोकं काउंटरवर ठेवलं, सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "लष्कराचा शिक्का आहे. मुलीने काहीतरी पाठवलेलं दिसतंय."

मुलीने काही पाठवलं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी ती ज्या कपड्यांत घरातून सैन्याच्या प्रशिक्षणाला गेली, तेच कपडे आत होते. निळी पँट, पांढरा शर्ट, मनगटी घड्याळ, कागदाच्या पुडीत केसांच्या पिना. वर छापील चिठ्ठी: प्रशिक्षणार्थीस घरची कोणतीही वस्तू जवळ बाळगता येत नाही, सबब सोबतच्या वस्तू परत पाठवण्यात येत आहेत. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे बूट.

माणूस गेल्यावर हॉस्पिटलातून सामान परत येतं ते असंच. हे मी बायकोला बोललो नाही. तिने शर्ट नाकाशी धरला, थोडी रडली आणि कपडे धुवायला घेऊन गेली. बूट माझ्याकडे राहिले. मी ते हातात घेऊन बसून होतो, कारण त्या बुटांशिवाय माझी पोर तिथे कशी चालत असेल हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

माझा धंदा बुटांचा. नवे जोड करायचे दिवस सरले, आता सगळी दुरुस्ती. तीस वर्षं लोकांचे तळ बघतोय. माणसाचं तोंड खोटं बोलतं, तळ बोलत नाही. कोण बाहेरच्या कडेवर जोर देतो, कोण पाय ओढतो, कोण आजारपण लपवतो, सगळं तिथे उमटतं. शेजारचा चष्मेवाला माझी थट्टा करतो, "तू लोकांच्या तोंडाकडे कधी बघतोस का रे?" खरं आहे त्याचं. गल्लीतली निम्मी माणसं मला चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, टाचेने येतात.

पोरगी सहा वर्षांची असताना तिच्या शाळेच्या बुटांत मला ते दिसलं. उजवी टाच जास्त झिजलेली, डावा बूट पुढे चवड्याशी घासलेला. एका दुपारी ती झोपली असताना मी तिचे दोन्ही पाय सरळ केले, टाचा जुळवून बघितल्या. डावा पाय आखूड होता. फार नाही, पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्याएवढा. मी तिच्यावर पांघरूण घातलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

का, तेही सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा पाय असाच होता. तिला चांगलं नाव होतं, पण ते कोणी वापरलंच नाही. गल्लीत, दुकानात, नात्यागोत्यात ती 'लंगडी'. लंगडीला विचारा, लंगडीला बसवा, लंगडीला कशाला नेता. हसतमुख होती बिचारी, पण हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली आणि शेवटी खिडकीतसुद्धा बसेना. ती गेली त्या दिवशी शेजारच्या एकाने मला सहज विचारलं, "लंगडी गेली का रे?" तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

माझ्या पोरीला हा शब्द ऐकावा लागणार नाही, असं मी ठरवलं. तिच्या डाव्या बुटाचा आतला तळ उचकटला, टाचेखाली कातड्याचा एक थर दिला, वरून पुन्हा चिकटवून टाकला. बाहेरून कळायची सोय नाही. पाय वाढला तसा दुसरा थर, मग तिसरा. घरात नवे बूट आले की आधी दोन दिवस दुकानात राहायचे. "बाबा बुटांची ओळख करून घेतात," असं ती लहानपणी सगळ्यांना सांगायची. घरातल्या स्लिपरलाही मी तेच करायचो, आणि अनवाणी फिरू द्यायचो नाही. कधी काचेची भीती घालायची, कधी थंड फरशीची. बायको वैतागायची, "गिऱ्हाइकांचे बूट महिनाभर धूळ खात पडतात आणि पोरीचे बरे हातोहात होतात!" मी हसण्यावारी न्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगायचो. त्या मुठीतला पाय तिचा आहे आणि तो तिला माहीत असायला हवा, हे काही डोक्यात आलं नाही.

आणि पोरगी धावायला लागली! नुसती धावायला नाही, उधळायला. मी तिला शिंगरू म्हणायचो. शाळेत पहिली, कॉलेजात पहिली. मैदानाच्या कडेला उभा राहून मी तिच्या पायांकडे बघत राहायचो. सगळे तिला टाळ्या वाजवत होते, आणि मी मनातल्या मनात माझ्या तीन थरांना वाजवत होतो. खोटं कशाला बोलू, गर्व होता मला.

एकोणिसाव्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, मी सैन्यात जाणार."

घरात आठ दिवस भांडण चाललं. बायको आधी रडली, मग पोरीच्या बाजूला जाऊन बसली. मी दोनदा ताटावरून उठलो. पण हे सगळं वरवरचं होतं. आतून मी निर्धास्त होतो. वैद्यकीय तपासणी असते, अनवाणी उभं करतात, मोजमाप घेतात, एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी पोरगी नापास होऊन घरी येईल, थोडी रडेल आणि विषय संपेल. 'नाही' म्हणायचं काम मी डॉक्टरांवर सोपवून मोकळा झालो होतो.

त्या दिवशी तिथे दोनशे मुली होत्या. डोळे, दात, छाती, उंची, पुढे चला. डॉक्टरांनी पायांकडे बघितलं, पण दोन पाय आहेत एवढंच बघितलं असावं. धावण्याची चाचणी स्वतःच्या बुटांत होती, म्हणजे माझ्या बुटांत. ती तिसरी आली. निवडीचं पत्र घेऊन नाचतच दुकानात शिरली. मी म्हणालो, "छान."

तेव्हा सांगायला हवं होतं. उद्या सांगू, जायच्या आदल्या दिवशी सांगू, बसस्टँडवर सांगू. बसस्टँडवर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, रडायचं नाही हं." मी रडतच होतो. बस सुटली. बूट तिच्या पायांत आहेत, एवढ्यावर मी बारा दिवस काढले होते. आणि आता ते बूट माझ्या मांडीवर होते.

त्याच दिवशी मी काम बाजूला सारलं आणि चांगलं घट्ट कातडं निवडलं. टाचेच्या आकाराचे तीन तुकडे कापले, एकावर एक चिकटवले, रापीने कडा तासल्या. बुटात नुसतं ठेवलं की काम झालं, कोणाला दिसलंही नसतं. साध्या लिफाफ्यात मावत होतं. लिफाफ्यावर पत्ता घातला. मग ड्रॉवर उघडला, लिफाफा आत ठेवला आणि ड्रॉवर लावून टाकला.

घरची वस्तू चालत नाही असं छापील चिठ्ठीत लिहिलंय, पकडली गेली तर तिलाच शिक्षा होईल, असं मी मनाशी म्हणालो. ही झाली सांगायची गोष्ट. खरी गोष्ट अशी की ड्रॉवर लावताना मला बरं वाटलं. चार दिवस दुखेल, झेपणार नाही, परत येईल. मला ती परत हवी होती. तिच्या खोलीत दिवा लागलेला हवा होता, आंघोळीला वेळ लावते म्हणून बायको ओरडलेली हवी होती. दुसरं काही नको होतं.

रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा. पहिल्या रविवारी ती नुसती खिदळत होती. केस कापले, कान केवढे मोठे दिसतात, त्यांच्या तुकडीवरच्या बाईंना सगळ्या शिट्टीबाई म्हणतात, कारण त्या बोलतच नाहीत, नुसती शिट्टी फुंकतात. "आणि बाबा, इथले बूट म्हणजे दगड! तुमच्या हातचे असते तर उडाले असते मी."

दुसऱ्या रविवारी आवाज खाली आला होता. कंबर दुखते, डावी मांडी वर सांध्यापाशी धरते. बायकोने फोन माझ्या पुढ्यात सरकवला. "अहो, तुम्ही सांगा ना काहीतरी. पायांचं तुम्हाला कळतं."

"सगळ्यांचंच दुखतं सुरुवातीला," मी म्हणालो. मग हळूच जोडलं, "झेपत नसेल तर ये परत. त्यात लाज कसली?"

 मग ती म्हणाली, "बाबा, मी परत येणार नाही. मला असं पुन्हा म्हणू नका."

ती आईवर गेली नव्हती, माझ्यावरच गेली होती. हट्ट माझा होता तो. पण तेव्हा मला तिचा राग आला. एकदा ठेच लागली की कळेल, असं मी बायकोसमोर म्हणूनही गेलो.

पुढच्या आठवड्यांत मी दोनदा तो लिफाफा घेऊन चौकातल्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. दुसऱ्यांदा चष्मेवाल्याने परत येताना बघितलं. "काय रे, पत्र टाकायला निघालास आणि पत्र घेऊनच परत? पोरीला लिहितोस की प्रेयसीला?"

"पत्ता चुकलाय," मी म्हणालो.

"आण, मी बघतो. माझ्याकडे चष्म्यांची काही कमी नाही."

मी हसलो आणि लिफाफा पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला. त्याच्यावर सुतळीचं बंडल ठेवलं.

पाचव्या रविवारी ती कुजबुजत बोलत होती. मागे मुलींची रांग असावी. "आई, तू काळजी करू नकोस. बाबांना दे." मी फोन घेतला. दुकानातच होतो, बायको डबा घेऊन आली होती. "बाबा, मी मैत्रिणींकडून दुखायच्या गोळ्या घेते. दोनदा आजारी म्हणून नाव लिहिलं की घरी पाठवतात, म्हणून लिहीत नाही. शिट्टीबाई म्हणतात मी नाटकं करते. नाही करत हो मी. कसं सांगू... डावा पाय जमिनीला पोचतच नाही असं वाटतं. असं असतं का काही?"

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

"थकवा असेल," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी बोललो. कोणी गळा धरून वदवून घेतले नाहीत. बायको समोर डब्याचं झाकण काढत उभी होती, रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, आणि मी माझ्या पोरीला, जिने स्वतःच्या तोंडाने रोग सांगितला होता, म्हणालो की थकवा असेल. "बरं," ती म्हणाली. बापाला पायांचं कळतं यावर तिचा विश्वास होता.

त्यानंतर हातातलं काम बिघडायला लागलं. एका म्हाताऱ्याच्या बुटाला उलटा तळ चिकटवला. नवव्या दिवशी मी लिफाफा काढला, आत एक चिठोरं सरकवलं, 'बुटात डाव्या टाचेखाली ठेव', आणि पेटीत टाकून आलो. परत येताना हलकं वाटलं. पायावर धोंडा मारून वर फुंकर घालावी, तसला प्रकार होता तो.

दोन दिवसांनी तिथल्या कार्यालयातून फोन आला. पाठीवर वजन घेऊन लांब चालायचं होतं, त्यात ती कोसळली. मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक्स-रे दाखवला. हाडाला आधीच तडा गेला होता, त्याच तड्यावर पोरगी पंधरा दिवस धावली होती. आता आत स्क्रू बसवलेत. चालेल, पण पाय आणखी आखूड होणार, आणि धावणं संपलं. मग त्यांनी विचारलं, "हिचा हा पाय लहानपणापासूनच थोडा आखूड आहे. तुमच्या कोणाच्या कधी लक्षात आलं नाही?"

बायको "नाही हो" म्हणाली आणि मग थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुकानात मुक्कामाला गेलेला प्रत्येक जोड तिला आठवला असणार. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. त्या दिवसापासून बायको माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. जेवायला बसा, पाणी आलंय, किल्ली कुठे आहे.

शिंगरू घरी आलं. तिच्या खोलीत दिवा लागायला लागला. मला हवं होतं ते सगळं झालं. पोरगी दीड महिना त्या खोलीतून फारशी बाहेर आली नाही. मी दारात जाऊन उभा राहायचो, ती "काय?" म्हणायची, मी "काही नाही" म्हणायचो.

मग एका सकाळी दुकानात बसलो असताना कुबड्या ऐकू आल्या. आधी दोन ठोके, मग उजवं पाऊल, मग डावं नुसतं टेकल्यासारखं. गल्लीच्या टोकापासून ती माझ्या दारापर्यंत यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मी मान वर केली नाही. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि खिशातून लिफाफा काढून काउंटरवर ठेवला. माझंच अक्षर होतं.

"हे मला हॉस्पिटलात मिळालं. पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "कधी केलं होतंत?"

"तुझा फोन आला ना, डावा पाय पोचत नाही म्हणालीस, तेव्हा..."

"बाबा." तिने तीन थरांचा तो तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "तुमच्या दुकानात वाढले मी. इथेच खाली बसून अभ्यास केला. नवीन चिकटवलेल्या कातड्याला सोल्यूशनचा वास महिनाभर राहतो. याला वास नव्हता. मी पुन्हा पुन्हा हुंगून बघितलं."

तिने तुकडा पुन्हा मुठीत घेतला.

"कुठे होतं इतके दिवस?"

मी ड्रॉवरकडे बोट केलं.

"आणि माझ्या बुटांत? कधीपासून?"

"सहा वर्षांची होतीस."

तिने मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं, मग सोडून दिलं. "म्हणजे फोनवर मी सांगत होते तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. का नाही सांगितलंत?"

बहिणीचं सांगावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलंही. पण ते बुटांचं कारण होतं, ड्रॉवरचं नव्हतं, आणि हे तिला माझ्याआधी कळलं असतं.

"तू परत यावीस म्हणून," मी म्हणालो.

"आले," ती म्हणाली.

बाहेर चष्मेवाला कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता. वरची ओळ, आता खालची. आम्ही दोघंही ते ऐकत बसलो.

"येताना चौकात एक बाई दुसरीला म्हणाली, ती बघ, बूटवाल्याची लंगडी," पोरगी म्हणाली. मी झटकन चौकाकडे बघितलं. ती मात्र तुकडा बोटांत फिरवत होती. "मी मागे वळून 'हो' म्हटलं. ती बाईच ओशाळली. एवढंच झालं, बाबा. आणखी काही झालं नाही."

मग तिने दुसऱ्या खिशातून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली आणि पिशवीतून तिचे ते बूट काढले, पार्सलमधून परत आलेले. "डाव्याला आता बावीस मिलिमीटर लागेल म्हणाल्यात. आतून मावणार नाही. आणि मावत असलं तरी नको. बाहेरून लावा, जाड, काळं. लोकांना दिसू दे. मला दिसू दे."

"लावतो," मी म्हणालो.  हात सवयीने गुडघ्यावर फडकं पसरायला गेले. लहानपणापासून माप घ्यायचं म्हटलं की ती तिथे पाय ठेवायची आणि गुदगुल्या होतात म्हणून ओरडायची. "आण पाय. बघू दे नीट."

"चिठ्ठीत माप आहे," ती म्हणाली, आणि कुबड्या घेऊन उभी राहिली.